पाइपाचे आटे आणि लेथवरील इन्सर्टाची निवड
(ज्ञातीच्या वार्षिक मेळाव्यातील कारागीर-विभागात दिलेले व्याख्यान)



अशा मेळाव्यात शिक्षण, शिष्यवृत्त्या आणि विवाहातील खर्च या विषयांवर बोलण्याचा प्रघात आहे, आणि निवृत्त शिक्षकाकडून तर तीच अपेक्षा असावयाची. परंतु आपल्या चिटणीसांनी या वर्षी निराळीच आज्ञा केली. आपल्यातील पुष्कळ तरुण आज स्वतःच्या लेथवर निपल, सॉकेट, युनियन, अडॅप्टर असा माल काढितात. त्यांच्या पदरी काही पडेल असे बोलावे, असे त्यांचे म्हणणे. मी लोखंडाचा कारागीर नव्हे. आयुष्यभर मुलांना गणित शिकविले, आणि निवृत्तीनंतर पुतण्याच्या कारखान्यात हिशेबाच्या वहीपाशी बसू लागलो. तेथे असे दिसून आले की, आटे बिघडतात ते हात चुकल्यामुळे क्वचित, बहुधा अपूर्णांक चुकल्यामुळे. आणि अपूर्णांकांशी माझा जुना परिचय आहे.

गेल्या वर्षी आपल्याच एका तरुणाचा अर्धा इंची निपलांचा संबंध माल परत आला. त्याने आटे सुबक कापले होते. स्वतःच्या सॉकेटात निपल फिरवून पाहिले, तो घट्ट बसला. गिऱ्हाइकाकडे मात्र पाण्याचा दाब देताच सांधे पाझरू लागले. टेफ्लॉनची पट्टी दुप्पट गुंडाळली, तरी पाणी थांबेना. कारण एवढेच की, गिऱ्हाइकाला हवे होते अमेरिकी एन. पी. टी. आणि यंत्रावर चढला होता खणात सापडलेला पंचावन्न अंशांचा इन्सर्ट. मागणीच्या कागदावर 'अर्धा इंची पाइपाचे आटे' इतकेच शब्द होते. आमच्या शाळेत असे उदाहरण मुलांस घातले असते, तर ती म्हणाली असती, गुरुजी, पक्ष अपुरा आहे!

हा घोटाळा समजून घ्यावयाचा तर थोडे मागे गेले पाहिजे. इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली आट्यांचे एक प्रमाण सुचविले. त्यात दोन बाजूंमधील कोन ५५ अंशांचा असून माथा आणि तळ दोन्ही गोलसर. अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी १८६४ साली ६० अंशांचा, सपाट माथ्याचा आटा पुढे मांडिला. आणि रॉबर्ट ब्रिग्ज यांच्या मापांवर आधारलेले पाइपांच्या आट्यांचे प्रमाण तेथील कारखानदारांनी १८८६ साली मान्य केले. आपल्या घरातील पाण्याचे नळ व्हिटवर्थच्या घराण्यातले, म्हणजे बी. एस. पी. होत. तेल, वायू व मोजयंत्रांच्या कामात आणि अमेरिकेस जाणाऱ्या मालावर एन. पी. टी. चालतो. ही दोन घराणी एकमेकांची सोयरीक मुळीच करीत नाहीत.

परंतु फसवणूक अशी की, अर्ध्या आणि पाऊण इंचाच्या मापांत दोहोंचेही इंचाला १४ च आटे आहेत. बी. एस. पी.चा अर्धा इंची आटा बाहेरून २०.९५५ मिलिमीटर भरतो, आणि एन. पी. टी.साठी घ्यावयाचा पाइप सुमारे २१.३ मिलिमीटर. म्हणून एक दुसऱ्यात काही फेरे खुशाल जातो, आवळतोही. कोनातील पाच अंशांची फट मात्र आत राहते, आणि तिच्यातून पाणी वाट काढते. पाण्याऐवजी तेलाचा मोठा दाब असेल, तर आटे सुटून माणूस जखमी व्हावयाचा. एक इंचात ही फसवणूक लवकर उघडी पडते, कारण तेथे एकीकडे ११ आटे आणि दुसरीकडे साडेअकरा. दोनचार फेऱ्यांतच अडकते. धोका आहे तो नेमका अधिक खपणाऱ्या मापांत.

तेव्हा इन्सर्ट निवडण्यापूर्वी गिऱ्हाइकास दोन प्रश्न विचारावे: हा आटा कशात बसावयाचा, आणि पाणी कोण अडविणार? आट्यांनीच अडवावयाचे असेल तर बाहेरचा आटा निमुळता असतो, व्यासात १६ भागांस १ भाग. नकाशावर त्यास आर हे अक्षर असते आणि आपल्याकडील प्रमाण आय. एस. ५५४. वायसराने अडवावयाचे असेल तर आटा सरळ, अक्षर जी आणि प्रमाण आय. एस. २६४३. अक्षर नसेल तर नमुना मागून घ्यावा आणि कोनाची पट्टी लावून उजेडाकडे धरावा. एवढ्या चौकशीने गिऱ्हाइक रागावत नाही. उलट या दुकानात विचारणारा माणूस आहे, असे त्याला वाटते.

आता इन्सर्टाकडे वळू. बाजारात दोन जाती आहेत. एका जातीत केवळ कोन असतो. एकच इन्सर्ट बारीक आट्यांपासून जाड आट्यांपर्यंत चालतो, असे विक्रेता सांगतो. ते खोटे नाही, परंतु पुरतेही नाही. बारीक आट्यासही चालावा म्हणून त्याचे टोक अगदी अणकुचीदार ठेविलेले असते. त्यामुळे जाड आट्याचा तळ गोल न होता चिरल्यासारखा होतो, आणि माथ्यास तर तो स्पर्शच करीत नाही. दुसऱ्या जातीत आट्याची संपूर्ण आकृती इन्सर्टातच कोरलेली असते. तो तळाबरोबर माथाही घडवितो. त्यासाठी व्यासावर अगोदर एक दशांश मिलिमीटराच्या आतबाहेर माल जादा ठेवावा लागतो, म्हणजे माथ्यावर कापावयास काही उरते. व्हिटवर्थचा माथा गोल असल्यामुळे विकावयाच्या मालास हीच जात घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

यावर लगेच आक्षेप येतो की, गुरुजी, प्रत्येक मापास निराळा इन्सर्ट घेऊ लागलो तर दुकान विकावे लागेल. येथे गणित आपल्या बाजूस आहे. बी. एस. पी.ची मापे पुष्कळ असली, तरी आट्यांचे अंतर केवळ चार प्रकारचे. अष्टमांश इंचास २८. पाव आणि तीन अष्टमांशास १९. अर्ध्यापासून सात अष्टमांशापर्यंत १४. आणि एक इंचापासून पुढे सर्वांस ११. चार इन्सर्टांत बाहेरच्या सरळ आट्यांचे सारे घराणे आटोपले. निमुळत्या आट्यांसाठी माथ्याची कड उतारास जुळविलेला निराळा इन्सर्ट मिळतो. ते काम नित्याचे असेल तर तोच घ्यावा. एन. पी. टी.स पाच लागतात: २७, १८, १४, साडेअकरा आणि अडीच इंचापासून पुढे ८. प्रत्येक त्रिकोणी इन्सर्टास तीन टोके असतात, हेही हिशेबात धरावे. परत आलेल्या एका खेपेच्या लोखंडात असे किती इन्सर्ट आले असते, ते ज्याचे त्याने मोजावे.

कोणी म्हणतो, साठ अंश तो साठ अंश, मग मेट्रिक आट्यांचा इन्सर्ट एन. पी. टी.स का चालू नये? पूर्ण आकृतीचा असेल तर चालणार नाही. इंचाला १४ म्हणजे अंतर १.८१४ मिलिमीटर. एन. पी. टी. आट्याची खोली या अंतराच्या आठ दशांशांपर्यंत जाते, म्हणजे सुमारे १.४५ मिलिमीटर. मेट्रिक इन्सर्ट जेमतेम १.१ वर थांबतो, कारण त्याचा तळ त्याहून रुंद असतो. कोन जुळला म्हणजे सगळे जुळले, असे होत नाही.

डबीवरील नाव वाचावयास शिकावे. '१६ ई. आर. १४ डब्ल्यू' यात १६ हे कापणाऱ्या कडेचे मिलिमीटर, ई म्हणजे बाहेरचा आटा, आर म्हणजे उजवा, १४ हे इंचातील आटे आणि डब्ल्यू म्हणजे व्हिटवर्थ. आतील आट्यास ई ऐवजी आय. बाहेरचा इन्सर्ट आत वापरू नये. त्याची पाठ भोकाच्या गोलाईस घासते. अर्ध्या इंची सॉकेटाचे भोकच साडेअठरा मिलिमीटरांच्या आसपास. तेथे सोळाऐवजी अकराचा लहान इन्सर्ट आणि त्याची बारीक बार सोयीची पडते. होल्डरातील इन्सर्टाखालच्या पट्टीकडे तर कोणी पाहातच नाही. ती बहुधा दीड अंश तिरपी असते. अर्ध्या इंचाच्या आट्याचा चढ सुमारे १.७ अंश, तेथे ती योग्य. दोन इंची पाइपावर हाच चढ ०.७ अंशावर येतो. तेथे अर्ध्या अंशाची पट्टी घालावी, नाहीतर एका बाजूची धार अकारण झिजते.

निमुळत्या आट्यासही इन्सर्ट पाइपाच्या आसाशी काटकोनातच धरावयाचा, उतारास धरून कलवावयाचा नाही. संगणकी लेथवर आणखी एक ठेच लागते. व्यासात सोळास एक म्हणजे त्रिज्येत बत्तिसास एक. आटे १५ मिलिमीटर आणि अलीकडची मोकळी चाल ५, अशी एकूण चाल २०. तेव्हा फरक २० भागिले ३२, म्हणजे ०.६२५ मिलिमीटर. पुष्कळ जण १५ वरच हिशेब करून ०.४६९ घालतात. मग सोळांत एकाऐवजी सव्वाएकवीसांत एक असा उतार होतो, आणि दोष बिचाऱ्या इन्सर्टावर येतो.

जुन्या लेथवाल्यांनी कार्बाइडच्या मोहात पडण्यापूर्वी विचार करावा. कार्बाइडास मिनिटाला शंभर मीटरांचा वेग मानवतो. अर्धा इंची पाइपावर त्यासाठी मिनिटाला सुमारे १५०० फेरे हवेत. हाताने टूल मागे घ्यावयाचे तर तीनशे फेऱ्यांवरही ते सेकंदाला नऊ मिलिमीटर धावते, म्हणजे सारा आटा दीड सेकंदात संपतो! तीनशेवर वेग उरतो वीस मीटर. तेथे कठीण परंतु ठिसूळ प्रत घेतल्यास धार चुरते, म्हणून चिवट प्रत मागावी. आटा अर्धवट असता यंत्र उलटे फिरविले, तर कोणतीही प्रत टिकत नाही. टूल आधी बाहेर, मग उलट फेरा. दहावीस नगांचेच काम असेल तर हायस्पीड स्टीलचे टूल गेजाला घासून घ्यावे, त्यात कमीपणा काही नाही. पितळेस लेप नसलेला, तीक्ष्ण धारेचा इन्सर्ट बरा. अनेक दात्यांच्या इन्सर्टाने फेरे वाचतात खरे, पण नव्या आणि भक्कम यंत्रावर. सैल लेथवर तो थरथरतो.

शेवटची परीक्षा गेजाची. घरच्या सॉकेटाची नव्हे. समोरच्या मेजावर अर्धा इंची दोन निपल आणि एक भिंग ठेविले आहे. एक बी. एस. पी. आहे आणि दुसरा एन. पी. टी. कोणता कोणता, ते मी सांगत नाही. भोजनाची घंटा होण्यास अजून थोडा अवकाश आहे. तरुणांनी पुढे येऊन माथे पाहावे, आणि मग बोलावे.