बच्चेदानी म्हणजे नुसती पिशवी नव्हे

बाहेरच्या फलकावर 'महिला आरोग्य' असं लिहिलंय. मी सरळच सांगते, आज बच्चेदानीबद्दल बोलायचंय. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. यातलं जे काही कळलं ते घरातल्या बायकांच्या फाइली वाचता वाचता आणि डॉक्टर मैत्रिणींना छळून. मागच्या रांगेतल्या मुलांनी आत्ताच हसून घ्यावं आणि मग ऐकावं. ऑपरेशनच्या कागदावर अनेकदा घरातल्या पुरुषाचीही सही मागतात.

मराठीत आपण गर्भपिशवी म्हणतो, घरात बच्चेदानी. दोन्ही शब्द भांड्याचे आहेत, आणि भांड्याचं काम संपलं की ते टाकून देता येतं. 'मुलं झाली ना, मग काढून टाका,' हे वाक्य माझ्या एका खालाने पस्तिसाव्या वर्षी ऐकलं. तक्रार होती अंगावरून पांढरं जाण्याची. 'तोंडाला जखम आहे, पुढे कॅन्सर होईल,' एवढं सांगितलं गेलं आणि आठवड्याभरात ऑपरेशन झालं.

ती एकटी नव्हती. बीडच्या ऊसतोड बायकांबद्दल तुम्ही वाचलं असेल. २०१९ मध्ये सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तेव्हा जिल्ह्यात सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. फडावर खाडा पडला तर पैसे कापले जातात, उचल फिटत नाही, पाळीत धड आडोसा नाही. अशा बाईला 'काढली की कटकट गेली' हे पटायला वेळ लागत नाही.

म्हणून हा अवयव आतून कसा आहे ते बघू. साधारण साडेसात सेंटिमीटर लांब, उलट्या पेरूसारखा. भिंत जाड, आणि ती बहुतेक सगळी स्नायूची. हे स्नायू आडवे, उभे, तिरपे असे एकमेकांत विणलेले असतात आणि त्यांच्या जाळीतून रक्तवाहिन्या जातात. बाळंतपणात वार सुटली की तिथल्या वाहिन्या उघड्या पडतात. त्या बांधायला कुणी दोरा घेऊन येत नाही. ही वीणच आवळते आणि रक्त थांबतं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी पुस्तक मिटून दोन मिनिटं बसून राहिले. इतकी सुबक रचना आमच्या कुठल्याच कोडमध्ये पाहिली नाही.

आतल्या अस्तराचे दोन थर असतात. वरचा दर महिन्याला वाढतो आणि गर्भ राहिला नाही तर गळतो, तीच पाळी. खालचा तसाच राहतो आणि त्यातून नवा थर उगवतो. म्हणजे पाळीत जातं ते 'घाण रक्त' नसतं, गळालेलं अस्तर आणि साधं रक्त असतं.

आता तोंड, कारण सगळा घोळ तिथेच आहे. तोंडाच्या बाहेरच्या बाजूला चपट्या पेशींचे थरावर थर असतात, म्हणून ते फिकट गुलाबी दिसतं. आतल्या मार्गाला उंच पेशींचा एकच थर असतो आणि त्याच्याखालच्या रक्तवाहिन्यांचा लाल रंग वर दिसतो. तरुण बाईत, गरोदरपणात किंवा गोळ्या चालू असताना हा आतला थर थोडा बाहेर सरकतो. मग तोंडाभोवती लाल चट्टा दिसतो, आणि या पेशी चिकट स्राव करतात म्हणून पांढरंही जास्त जातं. अनेकदा 'जखम' म्हणतात ती हीच, आणि ती जखमही नसते, कॅन्सरही नसतो.

पण भीती अगदीच खोटी नाही. दोन्ही प्रकारच्या पेशी जिथे भेटतात, त्याच पट्ट्यात तोंडाचा कॅन्सर बहुधा सुरू होतो. कारण एचपीव्ही नावाचा विषाणू, आणि संसर्गापासून कॅन्सरपर्यंत साधारण दहा-पंधरा वर्षं किंवा त्याहून जास्त जातात. एवढ्या अवधीत तपासणी करता येते. बिघडलेला तेवढाच भाग जाळून किंवा कापून काढता येतो, अवयव जागेवर राहतो. बीडच्या शेजारच्याच उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, १ लाख ३१ हजारांवर स्त्रियांचा अभ्यास झाला आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. एका जिल्ह्यात चाचणीने जीव वाचत होते, आणि लागून असलेल्या जिल्ह्यात पिशव्या निघत होत्या.

कधी ऑपरेशन लागतंच, हे मान्य. कॅन्सर असेल, मोठ्या गाठी असतील, औषधाने न थांबणारा रक्तस्राव असेल. संबंधानंतर किंवा पाळी कायमची गेल्यावर रक्त दिसलं तर एक दिवसही शरमेत घालवू नका. पण नुसत्या पांढऱ्यासाठी 'काढा' म्हटलं, तर विचारा: तोंडाची चाचणी केली का? तिचा कागद कुठे आहे? आणि दुसऱ्या डॉक्टरला दाखवा.

अंडाशयांचंही विचारा. त्यांना रक्त दोन वाटांनी मिळतं आणि त्यातली एक गर्भाशयाच्या धमनीतून येते. म्हणून नुसती पिशवी काढली तरी काहींची अंडाशयं लवकर थकतात. तीही काढली तर इस्ट्रोजेन एकदम खाली येतं, घाम फुटतो, हाडं विरळ होत जातात. तुमच्या अम्मीचं किंवा खालाचं ऑपरेशन झालं असेल, तर आज घरी गेल्यावर जुनं डिस्चार्ज कार्ड काढा. अंडाशयं ठेवली की नाही ते त्यावर पाहा आणि काढलेल्या पिशवीचा पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आहे का तेही. अंडाशयं कमी वयात गेली असतील तर हाडांची तपासणी करून घ्या.

आता प्रश्न विचारा. मोठ्याने विचारायचं नसेल तर चिठ्ठ्या पाठवा, नाव लिहू नका.