सीटखालची धुम

कवीला रेडिओवर बोलावलं की तो कवितेवर बोलणार, असं तुम्ही धरून चालता. मी आज बूफरवर बोलणार आहे. मोटारीत बसवतात तो. शुद्ध नाव सबवूफर, आमच्या धारूरात बूफर. बी.ए.ला माझा विषय मराठी होता, भौतिकशास्त्र नव्हे. तेव्हा कुठं चुकलं तर जाणकारांनी पदरात घ्यावं. पण गेलं वर्षभर आमच्या घरात या वस्तूवर जेवढी चर्चा झाली, तेवढी माझ्या एकाही संग्रहावर झालेली नाही.

माझा पुतण्या चाकणला कंपनीत आहे. रमजान ईदला तो नवी मोटार घेऊन तेलगावकडून घाट चढून आला. आमच्या घराण्यातली ही पहिली मोटार. मॉडेल वरचं, त्यात कंपनीनंच बसवलेली भारी साउंड सिस्टीम. दरवाजांत, काचेच्या कोपऱ्यांत, मागं, असे आठ स्पीकर. गल्लीतल्या पोरांनी मोजून घेतले. आणि हा पठ्ठ्या दुसऱ्याच दिवशी तोंड पाडून म्हणतो, "चाचा, आवाज एकदम साफ है, लेकिन बेस नई."

मोटारीच्या कारखान्यातच नामांकित कंपनीचे स्पीकर बसवायची कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेत जनरल मोटर्सनं १९८३ च्या काही मॉडेलांत बोस कंपनीची यंत्रणा दिली. त्या कंपनीचे संस्थापक अमर बोस (१९२९–२०१३) हे एमआयटीतले प्राध्यापक. त्यांचे वडील बंगालचे, इंग्रजांविरुद्धच्या चळवळीत होते, पोलिसांना चुकवून अमेरिकेत गेले. बोस यांचं म्हणणं असं की मोटार ही ऐकण्याची चांगली जागा आहे. माणसं कुठं बसणार आणि काचा कुठं असणार हे आधीच ठाऊक असतं, तेव्हा आवाज त्या जागेच्या मापाचा शिवता येतो. आपल्याकडेही २०१९ साली आलेल्या टाटा हॅरियरच्या वरच्या मॉडेलात जेबीएलचे नऊ स्पीकर होते, २०२१ च्या महिंद्रा एक्सयूव्ही ७०० मध्ये सोनीचे बारा. पुतण्याची गाडी यातली नाही. नाव सांगत नाही, आकाशवाणीवर जाहिरात नको.

आता बेस का कमी पडतो? गोंधळ्याचं संबळ आठवा. त्यात दोन वाद्यं असतात, लहान ती झील आणि मोठी ती धुम. झील टणटणते, बोलते; धुम पोटात उतरते. झिलेवर कितीही जोरात काठी हाणा, धुम निघणार नाही. खालचा आवाज काढायचा तर पुष्कळ हवा सावकाश ढकलावी लागते, आणि त्याला रुंद तोंडच लागतं. दरवाजातला सहा इंची स्पीकर म्हणजे झील. त्याच्याकडून थोडी धुम काढून घेतात, पण आवाज वाढवत नेला की लहान पडदा फाटायची भीती. म्हणून पुष्कळ गाड्यांत कंपनीनं आतून अशी व्यवस्था केलेली असते की आवाज चढवाल तसा बेस गुपचूप उतरतो. ऐकणाऱ्याला वाटतं आपले कान बिघडले.

कान. खरं म्हणजे मला कानांविषयीच बोलायचंय.

पुतण्याचे वडील, म्हणजे माझे थोरले बंधू, त्यांना आम्ही भाई म्हणतो. भाईनं पंचवीस हंगाम उसाचा ट्रॅक्टर चालवला. आमच्या तालुक्यातून दसरा-दिवाळीनंतर हजारो कोयते बाहेर पडतात. भाई त्यांचा ऊस ओढायचा. कधी सांगली, कधी कोल्हापूर, कधी बेळगावकडं. बिनकेबिनचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, आणि मडगार्डवर डेकचे दोन स्पीकर. उसाच्या ट्रॅक्टरवरच्या त्या गाण्यांना लोक शिव्या घालतात, मागच्या गाडीचा हॉर्न ड्रायव्हरला ऐकू येत नाही म्हणतात, आणि ते खरंच आहे. पण भाईला विचारलं तर तो सांगायचा, पहाटे तीनला कारखान्याच्या रांगेत टेप बंद केला की डोळा लागतो, आणि डोळा लागला की ट्रॉली कुणाच्या तरी झोपडीवर जाते. केबिन नसलेल्या ट्रॅक्टरचा आवाज ड्रायव्हरच्या कानाशी नव्वद डेसिबलच्या आसपास, कधी त्याहून वर असतो. गाणं त्याच्याही वर लावायचं. जागतिक आरोग्य संघटना सांगते, ऐंशी डेसिबल आवाज आठवड्याला चाळीस तास ऐकावा, त्यापुढं धोका. भाई चाळीस तास दोन दिवसांत पुरे करायचा.

त्या ट्रॅक्टरवर माझं बी.ए. झालं. हे वाक्य मी पूर्वीही कुठं कुठं लिहिलंय, पण ते वाचायला भाईकडं चष्मा होता. ऐकायला कान नव्हते, हे मला उशिरा कळलं.

तर बूफर बसवायचं ठरलं. पुतण्यानं जवळच्या मोठ्या गावातल्या एका दुकानात गाडी लावली. दुकानाचं नाव नको. डिकीत दहा इंची बूफरचा डबा, त्याला वेगळा अ‍ॅम्प्लिफायर. कंपनीच्या डेकला बूफरसाठी वेगळी तार काढलेली नसते, म्हणून मागच्या स्पीकरच्या तारांतून आवाज घ्यावा लागतो आणि मधे तो हलका करणारं एक यंत्र बसवावं लागतं. काही अ‍ॅम्प्लिफायर स्पीकरची तार सरळच घेतात. चांगला कारागीर जोडाजोडीला कपलर वापरतो, मूळ वायरिंगला हात लावत नाही, कारण वायर कापली की पुढं वॉरंटीच्या वेळी कंपनी नेमकं तिथंच बोट ठेवते. इथं मात्र पकडीनं वायर कापून, पीळ देऊन, वर काळी चिकटपट्टी गुंडाळली.

संध्याकाळी आम्ही तिघं घाटाकडं फेरी मारायला निघालो. भाई पुढं, मी मागं. गाणं सुरू झालं, धुम आली, भाईनं मान डोलवली. आणि त्याबरोबर स्पीकरमधून एक बारीक शीळ सुरू झाली. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की शीळ चढायची, पाय काढला की उतरायची. पुतण्या वैतागला, मी कानात बोट घातलं. भाई आमच्या दोघांकडं आळीपाळीनं बघत म्हणाला, "क्या हुआ? मस्त तो बज रा."

त्याला ती शीळ ऐकूच येत नव्हती.

भाईला कमी ऐकू येतं हे घरात सगळ्यांना माहीत होतं. आम्ही ओरडून बोलायचो. पण नेमकं काय गेलंय ते मला त्या शिळेनं दाखवलं. नंतर कानाच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं: सततच्या गोंगाटानं आधी वरचे सूर जातात, चार हजार हर्ट्‌झच्या आसपासचे. खालचे पुष्कळ दिवस टिकतात. आणि आपल्या बोलण्यातले स, श, च, त, फ हे सगळे वरच्या मजल्यावरचे रहिवासी. अ, आ, ओ खाली राहतात. म्हणजे भाईला माझा आवाज येतो, शब्द येत नाहीत. 'सण' म्हटलं तर 'तण' ऐकतो. माझ्या कवितेतले स्वर त्याला पोचत होते आणि तो अंदाजानं वाहवा करत होता, किती वर्षं कोण जाणे. डॉक्टरांनी मशीन दिलं. ते शीळ घालतं, असं बाकीचे म्हणतात. भाई म्हणतो, टोचतं. ते खिशात असतं.

शिळेचं निदान धारूरातच झालं. आमच्याकडं ट्रॅक्टर-जीपचं वायरिंग करणारा एक मिस्त्री आहे. त्यानं डिकी उघडली, सीटच्या बोल्टवर घेतलेला अर्थ बघितला आणि हसला. बोल्टला रंग होता. रंगावर अर्थ धरत नाही. मग चार्जिंगच्या डायनामोची कुरकुर गाण्यात घुसते. त्यानं पत्र्याचा रंग खरवडून, नागडा लोखंडी पत्रा काढून तिथं अर्थ आवळला. मग बॉनेट उघडलं आणि त्याचं हसू गेलं. बॅटरीपासून मागं गेलेल्या जाड वायरला फ्यूजच नव्हता. तो बॅटरीपासून दीडेक फुटाच्या आत हवा. शिवाय वायर ज्या छिद्रातून आत जाते तिथं रबरी बूच घातलं नव्हतं. पत्र्याच्या धारेवर घासून वायरचं कातडं अर्धं सोललं होतं. "अजून दोन-चार वेळा घाट चढला-उतरला असता," मिस्त्री म्हणाला, "तर गाडी गाणं म्हणत पेटली असती." पुतण्या खाली बसला. गाडीचे हप्ते सात वर्षांचे आहेत.

मिस्त्रीनं आणखी एक विचारलं, हा डबा डिकीत हवा कशाला? तेव्हा भाईलाही वाचा फुटली. सीताफळाच्या दिवसांत क्रेट कुठं ठेवायच्या? आमच्या बालाघाटाच्या सीताफळापुढं बूफर कोण? शेवटी दहा इंची परत गेला, आणि आठ इंची चपटा, आतच अ‍ॅम्प्लिफायर असलेला बूफर आला, तो पुढच्या डाव्या सीटखाली बसला. आवाजाला तो मोठ्या डब्याची बरोबरी करत नाही. पण त्या सीटवर भाई बसतो.

आता जुळवणी. बूफरला ऐंशी हर्ट्‌झच्या खालचंच काम द्यायचं, वरचं दरवाजांना राहू द्यायचं. एक बटण असतं, शून्य आणि एकशेऐंशी अंशांचं; दरवाजातला पडदा पुढं येताना बूफरचा मागं गेला तर दोघं एकमेकांना खाऊन टाकतात, म्हणून दोन्हीकडं फिरवून ज्यात धुम भरीव लागते ते ठेवायचं. काही नव्या गाड्यांत इंजिनाची घरघर मारायला मायक्रोफोन असतात. त्यांना बूफर म्हणजे इंजिनच वाटतं आणि ते त्याच्यावर उलटा आवाज सोडतात. आमच्या गाडीत ती भानगड नव्हती. आणि गल्लीतून जाताना कमी करायचं. चाळीस हर्ट्‌झची एक लाट साडेआठ मीटर लांब, मोटारीच्या जवळजवळ दुप्पट. ती काचेला जुमानत नाही. आत तुम्ही गाणं ऐकता, बाहेरच्याला नुसती धुम. वस्तीत रात्रीची मर्यादा पंचेचाळीस डेसिबलची आहे, २००० सालच्या नियमांप्रमाणं. आमच्या गल्लीत ती कुत्रीसुद्धा पाळत नाहीत, ते सोडा.

पहिल्या दिवशी ढोलकीचं गाणं लावलं. भाईनं दोन्ही तळवे सीटच्या कडेला टेकवले. लहानपणी आम्ही मोहरमच्या ढोलाला असेच हात लावून उभे राहायचो. तो काही बोलला नाही. घाट संपेपर्यंत हात काढले नाहीत.

मला हाव सुटली. मागच्या वेळच्या माझ्या रेडिओवरच्या भाषणाचं रेकॉर्डिंग पुतण्याच्या फोनवर होतं. म्हटलं, लाव. लावलं, तर माझा आवाज रांजणातून आल्यासारखा. भाई खो खो हसला, "तू बोल रा के मेंढक?" खालचा आवाज वाढला की तो वरच्या बारीक आवाजांना झाकून टाकतो, जे थोडे शब्द भाईला येत होते तेही धुमेखाली गेले. पुतण्यानं बूफर बंद केला, वरचे सूर चढवले. थोडं आलं. किती, ते भाईच्या चेहऱ्यावरून मला कळेना, कारण मी मागं बसलो होतो.

मी गाडी थांबवायला लावली. घाटातलं वळण, खाली तेलगावकडचे दिवे लागत होते. उतरून भाईच्या खिडकीशी गेलो, काच खाली घ्यायला सांगितली, पुतण्याला म्हटलं, इंजिनही बंद कर. भाईनं खिशातलं मशीन काढून कानात घातलं आणि माझ्या ओठांकडं बघत बसला. मी एक जुनी, बारा ओळींची कविता सावकाश म्हटली.

"फिर से बोल," भाई म्हणाला. "दूसरी लाइन गई."

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)