इंडिकेटर लागत नाही? फ्लॅशर बदलण्याआधी हे ऐका

(या भागाचं शब्दांकन. गाडी चालवता चालवता ऐकत असाल तर आधी बाजूला थांबा.)

पाऊस लागला की महाड, बिरवाडी, पोलादपूर, कुठल्याही गॅरेजात उभे राहा, एक वाक्य कानावर येतंच. "इंडिकेटर बंद आहे, फ्लॅशर टाका नवीन." नवीन फ्लॅशर बसतो, दोन दिवस चालतो, तिसऱ्या दिवशी परत तेच. मग स्विच बदलतो, मग बल्ब. शेवटी कंटाळून पोरगं म्हणतं, जाऊ दे, हात दाखवून वळू.

आता हात दाखवून महाडच्या बाजारपेठेत वळता येतं. आंबेनळी घाटात कसं वळणार? पोलादपूरहून महाबळेश्वरकडे चढताना जुलैत धुकं असं उतरतं की पुढची गाडी म्हणजे फक्त एक लाल ठिपका. एक हात क्लचवर, एक हात ब्रेकवर, रेनकोट काळा. मागच्या ट्रकवाल्याला तुमचा हात दिसत नाही, पिवळा दिवा दिसतो. दिसला तर. कशेडीला आता बोगदा झाला, पण बोगद्याच्या तोंडाशी लेन बदलताना प्रश्न तोच. म्हणून आजचा विषय साधा वाटला तरी मी तो मनावर घेतलाय.

आजची सगळी गोष्ट एका वाक्यात सांगतो: आधी तपासा, मग बदला. आणि आपल्या पावसात तपासायची पहिली जागा म्हणजे अर्थिंग.

आधी गाडी काय सांगते ते बघा

चावी चालू करा, डावा इंडिकेटर द्या, मग उजवा. गाडीभोवती एक फेरी मारा. बहुतेक बिघाड इथेच कळतो.

एक बाजू नीट आणि दुसरी बाजू फार भरभर मारते, किंवा लागून नुसतीच उभी राहते? त्या बाजूचा एक बल्ब गेलाय किंवा त्याचा संपर्क तुटलाय. फ्लॅशरला दोन बल्बांचा भार लागतो. एकच मिळाला की त्याची चाल बिघडते. म्हणजे फ्लॅशर तक्रार करतोय, बिघडलेला नाही.

रेस दिल्यावर नीट मारतो आणि गाडी सावकाश फिरताना मरतो? बॅटरी बघा. इंडिकेटर बॅटरीवर चालतो.

दोन्ही बाजू पूर्ण बंद? हॉर्न वाजवा, ब्रेक दाबा. बऱ्याच गाड्यांत हे सगळं एकाच फ्यूजवर असतं. हॉर्न आणि ब्रेकलाईटसुद्धा गेले असतील तर फ्यूजकडे जा. ते चालू असतील तर फ्लॅशर किंवा स्विच.

आणि सगळ्यात मजेशीर लक्षण: ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटर मंद पेटतो. किंवा डावा दिला तर उजवाही मिणमिणतो. लोक म्हणतात वायरिंग जळलं. नाही. बहुतेक वेळा मागची अर्थिंग सुटलेली असते. महाडकरांना हे वेगळं समजवायला नको. सावित्री-गांधारीचं पाणी पुढे सरकलं नाही की ते गल्लीबोळात शिरतं. करंटचंही तसंच. परतीची वाट बंद झाली की तो शेजारच्या बल्बातून वाट काढतो, आणि नको तो दिवा पेटतो.

टेस्ट लॅम्प: सगळ्यात स्वस्त हत्यार

बारा व्होल्टचा दहा वॉटचा इंडिकेटरचाच एक बल्ब, एक होल्डर आणि दोन लांब वायरी. झाला टेस्ट लॅम्प. आधी तो थेट बॅटरीला लावून किती उजेड पडतो ते डोळ्यात साठवा.

मल्टिमीटर असेल तर उत्तम, पण तो कधी कधी फसवतो. वायरीतल्या सगळ्या तारा तुटून एकच शिल्लक असेल तरी मीटर बारा व्होल्ट दाखवतो, कारण तो करंट जवळजवळ ओढतच नाही. बल्ब करंट मागतो. एका तारेवर तो मंद पेटणार म्हणजे पेटणार.

आता अर्थिंग तपासू. टेस्ट लॅम्पची एक वायर बॅटरीच्या प्लसला, दुसरी बंद पडलेल्या इंडिकेटरच्या होल्डरच्या धातूला. मघासारखाच उजेड पडला तर अर्थिंग चांगली. मंद पडला किंवा पडलाच नाही, तर चोर सापडला.

जुन्या गाड्यांत अर्थिंग इंडिकेटरच्या दांडीतून, बोल्टमधून, मडगार्डमधून जाते. बोल्टखाली गंज आला की संपलं. नव्या गाड्यांत त्यासाठी वेगळी वायर असते, ती सीटखाली किंवा हेडलाईटच्या डूममध्ये चासीला जोडलेली. तो बोल्ट खोला, पॉलिश पेपरने धातू चकचकीत होईपर्यंत घासा, घट्ट आवळा, वर थोडी पेट्रोलियम जेली लावा.

एवढ्याशा गंजाने काय होतं? हिशोब बघा. एका बाजूचे दोन बल्ब मिळून वीस वॉट, म्हणजे साधारण पावणेदोन अँपियर. त्या वाटेत गंजाने फक्त एक ओहमचा अडथळा आला, तरी दीड व्होल्टच्या आसपास तिथेच खाल्ले जातात. बल्ब मंद, फ्लॅशर गोंधळलेला, आणि खर्च मात्र नवीन फ्लॅशरचा.

फ्लॅशर खरंच गेलाय का?

याची परीक्षा अर्ध्या मिनिटाची. चावी बंद करा, फ्लॅशरचा कपलर काढा. दोन पिनांचा असेल तर कपलरच्या दोन्ही टोकांना वायरीच्या तुकड्याने जोडा. चावी चालू करून डावा द्या. दिवे न मारता सलग पेटले? मग बल्ब, स्विच, वायर सगळं ठीक, फ्लॅशर गेलाय. खुशाल बदला. दिवे पेटलेच नाहीत? मग फ्लॅशर निर्दोष, पुढे शोधा.

तीन पिनांचा असेल तर सावध. त्यातली एक अर्थिंगची असते. ती चुकून प्लसला जोडलीत तर फ्यूज उडेल. टेस्ट लॅम्पने आधी पिना ओळखा. हिरो आणि होंडाच्या बऱ्याच गाड्यांत काळी वायर म्हणजे चावीनंतरचा प्लस, राखाडी म्हणजे फ्लॅशरकडून स्विचकडे जाणारी, नारिंगी डावी, आकाशी उजवी आणि हिरवी अर्थिंग. दुसऱ्या कंपन्यांचे रंग वेगळे, तिथे अंदाज बांधू नका. काही नव्या गाड्यांत वेगळा फ्लॅशरच नसतो, ते काम कंट्रोलर करतो. तिथे हा प्रयोग करायचा नाही. आणि फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत कुठली वायर कशाची ते माहीत नसताना सुई टोचत फिरू नका. ईसीयूची किंमत ऐकून झोप उडेल.

आपल्याकडचे तीन खास बिघाड

पहिला, पुराची गाडी. जुलै 2021 च्या पुरात महाडमध्ये किती गाड्या पाण्याखाली गेल्या ते तुम्ही पाहिलंय. इंजिन खोललं, ऑइल बदललं, गाडी चालू झाली. पण कपलरच्या आत गेलेला गाळ तिथेच राहिला. त्याचा त्रास काही महिन्यांनी सुरू होतो, तांब्यावर हिरवी बुरशी धरल्यासारखी दिसते. सेकंडहँड गाडी घेताय? सीट काढून एक कपलर उघडा. आत हिरवं किंवा मातकट दिसलं तर सगळे कपलर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून साफ करायचे, हे धरूनच भाव करा.

दुसरा, हँडलजवळची वायर. हँडल डावी-उजवी फिरून फिरून तिथे वायर आतून तुटते, वरून कव्हर शाबूत. इंडिकेटर चालू ठेवा आणि हँडल पूर्ण एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला फिरवा. मध्येच दिवा गचकला तर जागा तीच. तिथेच कव्हर घासून फ्यूजसुद्धा उडतो. उडालेल्या फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटाची चांदी लावणाऱ्याला लांबूनच नमस्कार करा. फ्यूज वाचला, वायरिंग जळलं, असा तो सौदा आहे.

तिसरा, हौसेचे एलईडी. दहा वॉटच्या जागी एक-दोन वॉटचा दिवा आला की जुना फ्लॅशर समजतो बल्ब उडाला, आणि भरभर मारतो. त्याला एलईडीसाठीचा फ्लॅशर लागतो. मीटरवर दोन्ही बाजूंसाठी एकच बाण असेल तर चारही दिवे एकदम मारू शकतात. तिथे दोन डायोड टाकावे लागतात, ते जाणकाराकडून करून घ्या.

आणि जोड देताना वायर पिळून वर काळी टेप, हे उन्हाळ्यापुरतं ठीक. आपल्या पावसात टेपच्या आत पाणी चढतं. सोल्डर करा, वर हीट श्रिंक ट्यूब. मोबाईल रिपेअरवाल्याकडे दोन्ही मिळतं.

शेवटचं. घाट चढायच्या आधी इंडिकेटर लावून दहा सेकंद मोजा. केंद्रीय मोटार वाहन नियमांत मिनिटाला 60 ते 120 वेळा अशी मर्यादा आहे, म्हणजे दहा सेकंदांत दहा ते वीस. कमी-जास्त भरलं तर गाडी काहीतरी सांगतेय. वळून झालं की आठवणीने बंद करा, कारण घाटात चुकीचा इंडिकेटर बंद इंडिकेटरपेक्षा घातक. मागचा त्यावर विश्वास ठेवून ओव्हरटेक करतो. धुक्यात चारही दिवे लावून चालवायची फॅशनही सोडा. चारही मारत असताना तुम्ही कुठे वळणार हे कुणाला कळणार?

तुमच्या गाडीचं लक्षण यातल्या कशातच बसत नसेल तर गाडीचं मॉडेल, साल आणि काय काय तपासलं ते लिहून पाठवा. "चालत नाही" एवढंच लिहू नका, कुठला दिवा, कधी, कसा, ते लिहा. पुढच्या भागात बॅटरी आणि चार्जिंग. तोवर जपून चालवा.