गवताच्या पोकळ गठ्ठ्यात



संयोजकांनी मला ‘आयटी क्षेत्रातील माझी वाटचाल’ हा विषय दिला होता. पण आपल्या बॅचमध्ये आयटीवाले इतके आहेत की वाटचाली एकमेकींवर आदळतील. मी विस्कॉन्सिनमध्ये राहते. गेल्या वर्षी आम्ही घरच्या घरी गवताचा एक गठ्ठा बांधला. पोकळ. आत बसून हरणाची शिकार करण्यासाठी. त्याबद्दल बोलते.

तुमचे चेहरे दिसताहेत मला! आपल्याकडे १९७२च्या कायद्याने शिकार बंद झाली, आणि ते योग्यच आहे. तिकडे पांढऱ्या शेपटीची हरणं मुबलक. लोक परवाना काढतात, ठरलेल्या दिवसांतच शिकार करतात आणि मांस घरी खातात. बंदुकीचा मुख्य हंगाम नोव्हेंबरात, नऊ दिवसांचा. आमच्या शेजारच्या शेतकरीकाकांचं बघून माझ्या तेरा वर्षांच्या मुलाने जायचा हट्ट धरला. मी शाकाहारी. पण त्या वयाच्या मुलाबरोबर मोठं माणूस लागतं, आणि ते माणूस मीच असेन हे मी ठरवून टाकलं. सुरक्षिततेचा कोर्स दोघांनीही केला.

तयार लपण घ्यायचं तर शेकडो डॉलर जातात. आमचं शंभराच्या आत झालं. सांगाडा गुरांच्या कुंपणाच्या जाड तारेच्या जाळीचा. ती १६ फूट लांब, ५० इंच रुंद मिळते. आता गणिताच्या सरांसमोर सांगते : सहा फूट व्यासाच्या वर्तुळाचा परीघ १८.८५ फूट. जाळी वाकवली की खाली पावणेतीन फुटांची फट उरते, आणि तीच लाकडी पायाला ठोकायची. आकार हुबेहूब तिकडच्या गोल गठ्ठ्याचा. वाकवताना मात्र दोघांनी धरून पट्टा आवळायचा. जाळी सुटली तर स्प्रिंगसारखी उसळून तोंड फोडते.

वरून गोणपाट. कॉफी भाजणाऱ्या दुकानात रिकामी पोती जवळजवळ फुकट मिळतात. ती आठवडाभर वाऱ्यावर टाकायची, कारण हरणाचं नाक फार तिखट. छापील बाजू आत. त्यावर सुतळीने गवताचा पातळ थर. जाड थर पावसात भिजून जड होतो, कुजतो, उंदीर घर करतात. आतून काळं कापड लावायचं, म्हणजे खिडकीतून आपली हालचाल दिसत नाही.

पण खरी कारागिरी वेळेची. आपल्याकडे ज्वारीत बुजगावणं उभं करतात आणि चार दिवसांनी पाखरं त्याच्याच डोक्यावर बसतात, आठवतंय? काकांच्या शेतात आम्ही त्याच सवयीवर भिस्त ठेवली. हंगामाच्या दोन महिने आधीच गठ्ठा खऱ्या गठ्ठ्यांच्या ओळीत ठेवला आणि तिकडे फिरकलोच नाही. हरणं त्याच्याभोवती चरू लागली. वारा मात्र रोज सकाळी बघायचा. हरणांच्या वाटेकडून आपल्याकडे येत असेल तरच बसायचं.

मला झोप येऊ देत नव्हती ती दुसरीच गोष्ट. हरणापासून लपतो तसे आपण दुसऱ्या शिकाऱ्यापासूनही लपतो, आणि गोणपाट गोळी अडवत नाही. अंगात भडक नारिंगी किंवा भडक गुलाबी कपडे हवेत असा तिकडे कायदाच आहे. पण गठ्ठ्यात बसल्यावर ते कुणाला दिसणार? म्हणून मी छतावर आणि चारी बाजूंना नारिंगी कापड लावलं. मुलगा वैतागला, “आई, मग लपून उपयोग काय?” हरणाला नारिंगी आणि हिरव्यातला फरक आपल्यासारखा कळत नाही, हे कोर्समध्येच शिकवलेलं. त्याला पुस्तकातलं पान दाखवलं.

पहिल्या सकाळी उजाडताना एक मादी आली. चाळीसेक पावलांवर. आम्ही गुडघ्याला गुडघा लावून बसलेलो. त्याने बंदूक उचलली, बराच वेळ धरली आणि खाली ठेवली. मी खुणेनेच विचारलं, का? मादी उंचवट्याच्या माथ्यावर होती, तिच्या मागे नुसतं आकाश. पलीकडच्या उतारावर काकांचा गोठा. पहाटे पाचपासून दूध काढायला तिथे माणसं असतात.

ती चरत चरत गठ्ठ्याजवळ आली, गवताची एक काडी ओढून खाल्ली आणि निघून गेली.

यंदा गोणपाट बदलायचंय. आणि गठ्ठा सरकवायचाय, पाठीमागे टेकडी येईल असा.