बाणगंगेच्या पायऱ्या
(ज्युबिलीनिमित्त नायगाव येथे दिलेले भाषण)



ज्युबिलीच्या या मंगलप्रसंगी आम्ही आपणांपुढे दगड, चुना व पाणी यांविषयी चार शब्द बोलणार आहो. १८६० साली विहाराचे पाणी नळाने येण्यापूर्वी या बेटाची तहान विहिरी व तळीच भागवीत असत. पुढे हिवतापाच्या भयाने अनेक विहिरी बुजविल्या गेल्या. आमच्या नायगावातील मुलांस विहीर चित्रांतूनच ठाऊक असावी, यात नवल ते काय?

वाळकेश्वरी बाणगंगा मात्र अद्यापि जिवंत आहे. शिलाहारांच्या अमदानीत, ११२७ साली, लक्ष्मण प्रभू या प्रधानाने हे तळे बांधले असे परंपरा सांगते. समुद्र हाकेच्या अंतरावर, तरी झऱ्याचे पाणी गोडे. आणि चहूंबाजूंनी पाण्यापर्यंत उतरणाऱ्या दगडी पायऱ्या. जून २०२४ मध्ये गाळ काढण्याकरिता उत्खननयंत्रच या पायऱ्यांवरून तळ्यात उतरविण्यात आले, आणि पायऱ्या फुटल्या. लोकांनी हाकाटी केली; ठेकेदारावर गुन्हाही नोंदला गेला. परंतु फिर्यादीने दगड सांधत नाही.

मग तो सांधावा कसा? प्रथम गाळ घमेल्यांनी, हातांनी काढावा, म्हणजे झरे बुजत नाहीत. निखळलेल्या प्रत्येक दगडावर अनुक्रमांक घालून तो मूळ जागीच बसवावा. तुटला असेल तेथेच पाथरवटाने त्याच जातीचा दगड घडवावा. सांध्यांत सिमेंट भरू नये, कारण ते ओल कोंडून धरते व अखेरीस दगडालाच इजा करते. विरलेला चुना, वाळू व विटांची सुरखी घाणीत मळावी. सुरखीच्या योगाने चुना ओलीतही धरतो. गूळ, हिरडा, बेलफळाचा गर घालण्याचीही जुनी रीत आहे. मग सांधा कित्येक दिवस ओल्या गोणपाटाखाली राखावा. चुना घाई जाणत नाही.

हे केवळ स्वप्नरंजन नव्हे. गोवळकोंड्याजवळील कुतुबशाही कबरींच्या आवारातील मोठी बावडी २०१३ च्या पावसात ढासळली. दगड व चुना जाणणाऱ्या कारागिरांनी ती पुन्हा उभी केली, आणि २०२२ साली तेथील बावड्यांच्या जीर्णोद्धारास युनेस्कोचे पारितोषिक लाभले.

बंधुभगिनींनो, आपल्या आवारातही जुनी विहीर, चौथरा वा पायरी असेल. तिच्या दुरुस्तीची वेळ येईल तेव्हा कोण स्वस्तात व लवकर करील, एवढेच आम्ही विचारू नये. चुना कोणास कळतो, हेही विचारावे. वडिलांनी शतकांसाठी बांधिले. आम्ही निदान एका पावसाळ्याच्या घाईने ते मोडू नये, एवढीच आमची विनंती आहे.