उल्हासकाठी आपले स्वागत

सन्माननीय अध्यक्ष महोदय, उद्घाटक आणि लांबून आलेल्या संशोधक पाहुण्यांनो,

नदीखोऱ्यातल्या पाण्यात शिरणाऱ्या पाऱ्यावर विचार करायला आपण कल्याणात आलात, हे आमचे भाग्य. मी धान्याचा व्यापारी. मला विषय कळला तो इतकाच : पारा तळच्या गाळात बसतो, प्राणवायू नसलेल्या त्या जागी जिवाणू त्याला अधिक विषारी रूप देतात आणि लहान माशातून मोठ्या माशात वाढत तो आपल्या पानात येतो. हे ऐकून भोजन समितीने सुरमई रद्द करून पिठलं-भाकरी केली. खवय्यांनी क्षमा करावी.

गाव मात्र मला पाठ आहे. कान्हेरीच्या शिलालेखांत दान देणारे कल्याणकर आहेत, म्हणजे वर्गणीची सवय जुनीच. १६५७ मध्ये शिवरायांनी कल्याण घेतले आणि इथल्या खाडीत आरमाराची जहाजे बांधली जाऊ लागली. पण माझा जीव आमच्या सार्वजनिक वाचनालयात. स्थापना १८६४! दुसऱ्याच वर्षी याच गावात डॉ. आनंदीबाई जोशी जन्मल्या आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. डॉक्टर म्हणजे थर्मामीटर, थर्मामीटर म्हणजे पारा. परिषदेशी गावाचे नाते मी असे जुळवले, तर कार्यवाहांनी कपाळावर हात मारला. म्हणाले, काळू नदीचे बोला.

बोलतो. उल्हासला मिळणाऱ्या काळूकाठी, आंबिवलीकडे, पाऱ्याच्या घटांतून कॉस्टिक सोडा निघे, सांडपाणी नदीला. तिथे पारा सापडल्याच्या नोंदी गेल्या शतकातल्या. देशातल्या बहुतेक कारखान्यांनी आता ती पद्धत सोडली आहे. गाळाचे काय, ते आपण सांगायचे. बारवी धरणाचे पाणीही उल्हासमध्ये सोडून खाली उचलतात, तेव्हा धरण निराळे नि नदी निराळी असे आम्हाला म्हणता येत नाही. पिण्याच्या पाण्यात पाऱ्याची मर्यादा लिटरला ०.००१ मिलिग्रॅम, एवढ्याशा आकड्यासाठी एवढा मांडव घातला आहे.

उणिवा पुष्कळ आहेत. निवासात गाद्या पातळ, गरम पाणी सकाळी सातपर्यंतच, शेजारच्या कार्यालयात आज लग्न, त्यामुळे दुसऱ्या सत्रात सनई ऐकू येईल. कार्यालयाचे मालक (भाडे घेतले नाही), मांडववाले, शिवाजी चौकातले व्यापारीबंधू, रात्रभर फायली भरणाऱ्या महाविद्यालयीन मुली आणि नाव छापू नका म्हणणारे ते देणगीदार, सर्वांचे ऋण मानतो. त्यांनी नाव न छापण्याचा आग्रह सर्वांना फोन करून कळवला आहे.

काळूवर जाणारी बस दुपारच्या चहानंतर लगेच सुटेल. अध्यक्ष महोदय, सूत्रे हाती घ्यावीत.