उकिरड्याची दैना

उकिरड्याचीही दैना बारा वर्षांनी फिटते, अशी मराठीत एक जुनी म्हण आहे. म्हण माणसाच्या नशिबाविषयी असली, तरी ती प्रथम उच्चारणाऱ्याने उकिरडा नीट पाहिलेला असला पाहिजे. घरामागे वाटेल ते वाटेल तसे टाकीत गेले, म्हणजे त्याची माती होण्यास खरोखरच वर्षे लोटतात, आणि मधल्या काळात तेथे दुर्गंधी, माश्या व घुशी यांचे राज्य चालते. तोच कचरा रीतीने रचला, तर तीन-चार महिन्यांत त्याचे काळेभोर, पावसाच्या पहिल्या सरीनंतरच्या मातीसारख्या वासाचे खत होते. बारा वर्षे आणि तीन महिने यांत एवढे अंतर का पडावे, आणि शहरातील ज्या घराला चार हात परसू आहे त्या घरातील मंडळींना व चार-पाच कोंबड्यांना मिळून ते कसे तोडता येईल, हा या भाषणाचा विषय आहे.

खत बाजारात पोत्याने मिळते, मग हा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. याचे उत्तर परसात नाही, ते घराच्या पुढल्या दाराबाहेर आहे. सकाळी दाराशी ठेवलेली बादली रिकामी झाली की कचरा संपला असे घरातल्यांना वाटते. वास्तविक तो तेथून प्रवासाला निघतो. मुंबईत देवनार येथे 1927 सालापासून कचरा टाकण्यास सुरुवात झाली, आणि पुढे तेथे कचऱ्याचे डोंगर उभे राहिले. 2016 च्या जानेवारीत त्या डोंगराला आग लागली, तेव्हा तिचा धूर आसपासच्या वस्त्यांवर कित्येक दिवस पसरून राहिला होता. भाजीचे देठ, फळांच्या साली, उरलेला भात हे पदार्थ हवेवाचून खाली दडपले गेले, की त्यांतून मिथेन नावाचा ज्वालाग्राही वायू निघू लागतो. अशा ढिगात शिरलेली आग वरून पाणी ओतून सहजी विझत नाही. त्याच 2016 साली केंद्र सरकारच्या नियमांनी ओला व सुका कचरा घरातच वेगळा करणे बंधनकारक केले. तथापि नियम बादल्या दोन करू शकतो. ओला कचरा परसातच जिरवावा ही बुद्धी घरातूनच यावी लागते.

ही विद्या परकी नव्हे. सर आल्बर्ट हॉवर्ड नावाचे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ 1905 साली सरकारी नोकरीत पुसा येथे आले. हिंदी शेतकऱ्याला शिकविण्यासाठी आलेला हा गृहस्थ त्या शेतकऱ्याकडूनच पुष्कळ शिकला. 1924 ते 1931 या काळात होळकरांच्या इंदूर येथे त्यांनी वनस्पतिसंशोधनाची संस्था चालविली. शेतातला काडीकचरा, गोठ्यातील शेण, मूत्राने भिजलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर रचून उत्तम खत करण्याची जी पद्धत तेथे सिद्ध झाली, ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर गेली. तिचे वर्णन करणारा ग्रंथ 1931 साली प्रसिद्ध झाला. त्यावर हॉवर्ड यांच्या जोडीला त्या संस्थेतील रसायनशास्त्रज्ञ यशवंत वाड यांचे नाव आहे, ही गोष्ट मराठी माणसाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. पुढे यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण पांढरीपांडे यांनी थोड्या शेणात पुष्कळ खत देणारे, भिंतींना भोके ठेवलेले विटांचे टाके प्रचारात आणले. ‘नाडेप’ हे त्या टाक्याचे नाव त्यांच्याच नावाच्या आद्याक्षरांवरून पडले आहे.

या साऱ्या पद्धतींचे मर्म एकच. खत माणूस करीत नाही. ते डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जंतू करतात. माणसाने त्यांच्या राहण्याजेवण्याची सोय तेवढी पाहावयाची असते. त्यांना लागतात चार गोष्टी: कर्ब, नत्र, पाणी आणि हवा. वाळलेला पाला, पेंढा, लाकडाचा भुसा यांत कर्ब अधिक. भाजीचा कचरा, हिरवे गवत, शेण आणि कोंबड्यांची विष्ठा यांत नत्र अधिक. एका भाग नत्रास पंचवीस ते तीस भाग कर्ब असले, म्हणजे जंतूंचे काम जोमाने चालते. गृहिणीला तराजू व रसायनशाळा यांची गरज नाही. एक टोपले ओल्या कचऱ्यास दोन ते तीन टोपली सुका पाला, हा हिशेब पुरेसा आहे. उकिरडा फसतो तो येथेच. त्यात ओले पुष्कळ, सुके थोडे, आणि हवा तर मुळीच नाही.

सुक्या पाल्याची तरतूद मात्र आधी करून ठेवावी लागते. स्वयंपाकघरातील ओला कचरा बारा महिने निघतो. झाडे पान गाळतात ती मुख्यतः माघ-फाल्गुनात. त्या दिवसांत घरोघर पाला झाडून संध्याकाळी पेटवून देण्याची चाल आहे. एवढे चांगले द्रव्य धुरात घालवून शेजाऱ्यांचे डोळे चुरचुरविण्यापेक्षा तो पोत्यांत भरून पडवीत ठेवावा. श्रावणात सर्वत्र चिकचिक झाली असता हीच पोती ढिगाला वाचवितात.

ढिगासाठी परसात सावलीची, पाणी न साचणारी जागा निवडावी. विहीर जवळ असल्यास तिच्यापासून ती चांगली दूर असावी. तेथे विटांचे किंवा बांबूच्या तट्ट्यांचे, प्रत्येकी तीन फूट लांब, रुंद व उंच असे तीन कप्पे शेजारी शेजारी करावे. पहिला साठवणीचा, दुसरा तापण्याचा, तिसरा मुरण्याचा. पहिल्या कप्प्यात रोजचा कचरा व त्यावर पाला पडत राहतो, आणि हाच कोंबड्यांचा कप्पा होय. तो भरत आला म्हणजे एखाद्या रविवारी सर्व माल दुसऱ्यात नीट रचून घ्यावा. तळाशी वीतभर जाड काटक्या, त्यावर पाला, त्यावर ओला माल, मधूनमधून मूठभर जुने खत किंवा शेणकाला, आणि शेवटी पुन्हा पाल्याचे पांघरूण. ढीग तीन फुटांहून लहान असला तर त्याची ऊब टिकत नाही, म्हणूनच हे माप सांभाळावयाचे.

रचल्यापासून दोन-तीन दिवसांत ढीग आतून तापू लागतो. चांगला साधला तर उष्णता 55 ते 65 अंश सेल्सिअसपर्यंत चढते. एवढ्या उष्णतेत तणांचे बी आणि बहुतेक रोगजंतू मरतात. लोखंडी सळई ढिगात पाव तास खोवून ठेवावी व बाहेर काढून हात लावून पाहावा. चटका बसला तर काम ठीक चालले आहे असे समजावे. ऊब उतरू लागली की ढीग उलटावा. बाहेरचे आत व आतले बाहेर झाले म्हणजे त्याला नवी हवा मिळते आणि तो पुन्हा तापतो. हॉवर्ड यांच्या पद्धतीत तीन महिन्यांत तीन उलटण्या होत्या. घरच्या लहान ढिगास पहिला महिनाभर आठ-दहा दिवसांनी एक उलटणी दिली तर ती अधिक मानवते. पुढे तापणे थांबले की माल तिसऱ्या कप्प्यात दीड-दोन महिने मुरू द्यावा.

आता ही कामे कोणी करावी? घरातील एकट्या गृहिणीवर हे सारे येऊन पडले, तर दोन महिन्यांत ढिगाचा पुन्हा उकिरडा होतो, याविषयी शंका नको. तिचे काम विळीशी संपावे. देठ-साली एका भांड्यात, आणि प्लास्टिक व कागद दुसरीकडे, एवढे तिने पाहिले की पुरे. मुलांनी पाला गोळा करावा, सळई खोवावी आणि उष्णतेची नोंद वहीत ठेवावी. शाळेच्या पुस्तकातील धड्यापेक्षा ही वही त्यांना अधिक शिकविते. उलटणीचे काम अंगमेहनतीचे आहे. दाताळे हाती घेऊन ते घरच्या कर्त्या पुरुषाने करावे. ओलाव्याची परीक्षा आजीकडे सोपवावी. मूठभर माल घेऊन दाबला असता मुटका वळावा, पण बोटांमधून पाणी गळू नये, ही पारख जन्मभर पिठे मळलेल्या हाताइतकी दुसऱ्या कोणाला साधत नाही.

राहिल्या कोंबड्या. पहिल्या कप्प्यात त्या सकाळी सोडल्या, की दिवसभर पायांनी माल उकरून खालीवर करतात, माश्यांच्या अळ्या व झुरळे टिपतात, मोठी पाने फाडून बारीक करतात आणि विष्ठेच्या रूपाने नत्राची भर घालतात. एक कोंबडी दिवसाकाठी सुमारे शंभर ते दीडशे ग्रॅम विष्ठा टाकते. ही विष्ठा इतकी उष्ण, की ताजी झाडाच्या बुडाशी घातली तर झाड करपते. ढिगात पाल्याबरोबर कुजली म्हणजे मात्र तिचे उत्तम अन्न होते. खुराड्यात तूस किंवा वाळका पाला अंथरून तोही वेळोवेळी ढिगात घालावा. मात्र कोंबडी ही ढीग पसरविणारी आहे, रचणारी नव्हे. तिने दिवसभर पसरलेले संध्याकाळी दाताळ्याने पुन्हा गोळा करावयाचे, हे घरातल्या कोणातरी मुलाचे नेमलेले काम असावे. तापणाऱ्या व मुरणाऱ्या कप्प्यांवर जाळी टाकून कोंबड्यांना तेथे मज्जाव करावा. तापलेला ढीग विस्कटला तर ऊब जाते, आणि तयार खतावर ताजी विष्ठा पडली तर केलेले काम मागे येते.

कोंबड्या ज्या कप्प्यात चरतात, तेथे काय टाकू नये हेही लक्षात ठेवले पाहिजे. बुरशी आलेले अन्न, लोणच्यासारखे खारट पदार्थ, हिरव्या पडलेल्या बटाट्याच्या साली आणि न शिजविलेला राजमा कोंबड्यांना अपायकारक असतात. यांपैकी साली थेट दुसऱ्या कप्प्यात पुराव्या. देवापुढचे निर्माल्य नदीत सोडण्यापेक्षा ढिगात घालणे केव्हाही चांगले. परंतु हारातील दोरा आणि तार आधी काढून घ्यावी. दोरा कोंबडीच्या नरड्यात गुंततो, तार पोटात रुतते. मासळी-मांसाचे अवशेष आणि तेलकट पदार्थ घरगुती ढिगात घालू नयेत. त्यांच्या वासाने घुशी येतात, आणि एकदा आलेली घूस सहसा परत जात नाही.

शहरात कोंबड्या ठेवण्यापूर्वी नगरपालिकेचा नियम आणि शेजाऱ्यांचे मत विचारून घ्यावे. अंड्यांसाठी कोंबड्याची गरज नसते, सबब कोंबडा न ठेवलेला बरा. कोंबडे झाकून तांबडे फुटायचे राहत नाही हे खरे, पण न झाकलेल्या कोंबड्यामुळे ते आळीला फार लवकर फुटते. कोंबड्या व ढीग हाताळल्यावर साबणाने हात धुण्याची सवय मुलांना पहिल्या दिवसापासून लावावी. 2006 साली नंदुरबार जिल्ह्यात नवापूर येथे बर्ड फ्लूची साथ आली होती. तेव्हा पक्षी एकाएकी मरू लागले, तर मेलेला पक्षी ढिगात न टाकता सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यास ताबडतोब कळवावे. ज्या घरी कोंबड्या चालत नाहीत त्या घरानेही निराश होण्याचे कारण नाही. शेणकाला आणि दाताळे यांनी तेच काम होते. मेहनत तेवढी थोडी वाढते.

ढीग बिघडला तर तो आपण होऊन सांगतो. अमोनियाचा उग्र वास आला तर ओले किंवा विष्ठा अधिक झाली, पाला घालावा. कुजक्या अंड्यासारखी घाण आली तर हवा कोंडली, ढीग उलटावा. मुंग्या लागल्या तर तो सुकला, पाणी शिंपावे. सर्व ठीक असून तापत नसेल तर तो लहान आहे किंवा त्यात नत्र कमी आहे. पावसाळ्यात वर पत्रा किंवा ताडपत्री हवी, नाहीतर खताचा कस पाण्याबरोबर वाहून जातो.

तयार खत चाळून घ्यावे; कुंडीसाठी दोन भाग मातीस एक भाग पुरतो. परसातील अळू, केळ आणि कढीपत्ता त्याची पावती महिन्या-दोन महिन्यांत देतात. परंतु खरी पावती दुसरीकडे आहे. ज्या घराचा ओला कचरा घरातच जिरतो, त्या घराची बादली हलकी, कोरडी आणि निर्गंध असते. ती उचलणारा सफाई कामगारही कोणाच्या तरी घरचा कर्ता पुरुष असतो किंवा कोणाची तरी आई असते. तिच्यातील कागद व काच निवडताना त्याला नासलेल्या अन्नात हात घालावा लागत नाही. स्वतःच्या घरची घाण दुसऱ्याने काढावी ही समजूत या देशात फार जुनी आहे, आणि तिने माणसामाणसांत केवढे अंतर पाडले हे सर्वश्रुत आहे. ती समजूत भाषणांनी आजवर गेली नाही. घरचा कर्ता पुरुष ज्या दिवशी दाताळे घेऊन परसात उतरतो आणि त्याची मुले ते पाहतात, त्या दिवशी ती त्या घरापुरती तरी जाऊ लागते. त्यासाठी मात्र बारा वर्षे वाट पाहण्याचे कारण नाही.